गंधार नसलेलं गाणं

मुक्ते, जरा जवळ सरक बघू. तू तिकडे बंगळुरात आणि मी इथे डोंबिवलीत, तरीपण सरक. हे मला मोठ्यानं सांगायचं नाहीये. आणि आधी थोडी बोलणी खा. गिटार आणलीस, बोटांना फोड आले, ते फुटले, वर नवी कातडी धरली, इतकं सगळं होऊन गेलं आणि मावशीला पत्ता नाही! कळलं कुणाकडून, तर तुझ्या आईकडून, तेही तिनं लोणच्याच्या मसाल्याचं प्रमाण विचारायला फोन केला तेव्हा, जाता जाता. शोभतं का तुला? अख्ख्या खानदानात गिटार धरणारी मी एकटी म्हातारी उरलेय, आणि तू शिकतेस कुठे, तर फोनच्या पडद्यावर कुठल्यातरी दाढीवाल्याकडून. बरं, असो. परवा तू जे वाजवून पाठवलंस, आई स्वयंपाक करताना गुणगुणते ते म्हणून, ते मी चष्मा लावून ऐकलं. हसू नकोस, चष्म्याशिवाय मला नीट ऐकू येत नाही. आणि खाली तू लिहिलंयस, "मावशी, आई म्हणते हे तुझं आहे. मग तू कधीच का वाजवत नाहीस?" याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नाही. म्हणून लिहायला बसले.

आम्ही तेव्हा ठाण्याला नौपाड्यात राहायचो. दोन खोल्या, पुढे गॅलरी, आणि गॅलरीत तारेवर बारा महिने काहीतरी वाळत. घरात आवाज फार. आई भजनी मंडळात पेटी वाजवायची, त्यामुळे दुपारची भांडी झाली की पेटी निघायची. शेजारच्या काकू स्टोला पंप मारता मारता भिंतीपलीकडून आईच्या अभंगात सूर मिसळायच्या, आणि तो सूर दर वेळी ठरल्यासारखा दुसऱ्याच पट्टीत जायचा. आई पेटी न थांबवता ओरडायची, "अहो, स्टो पेटवा, अभंग नको!" वाल भिजवले की सगळ्यांनी परातीभोवती बसून सोलायचे. ओलं खोबरं, आमसूल, गुळाचा खडा घालून आई डाळिंब्यांची उसळ करायची ना, त्या वासानं बाबा जिन्यातूनच "आलो, आलो" करत यायचे. वाल सोलताना टेपरेकॉर्डर लावायचा हा आमचा नेम. बाबांचा जुना टेप, कडेला कपचा उडालेला. त्यावर आईच्या भजनी बुवांच्या कॅसेटी लागायच्या. त्या वर्षी बुवांचा आवाज हळूहळू जड होत चाललेला. आई म्हणायची, "बुवांना सर्दी झालीय गं यंदा." आम्ही हसायचो आणि वाल सोलायचो.

गिटार घरात आली ती अशीच. बाबांच्या ऑफिसातले एक गृहस्थ मस्कतला निघाले, जाताना "पोरीला खेळायला" म्हणून आमच्याकडे टाकून गेले. तारा फळीपासून इतक्या वर की दाबताना डोळ्यांत पाणी यायचं. मी सोडली नाही. डाव्या हाताच्या बोटांना घट्टे पडले. आई माझा हात उलटासुलटा करून बघायची. "मुलाकडचे उद्या हात बघतील तेव्हा काय सांगू? मुलगी सुतारकाम करते?" शिकवायला कुणी नव्हतं. चरईत पास्कल अंकल राहायचे, दिवसा वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मशीनवर, आणि सुट्टीच्या दिवशी लग्नांत, पार्ट्यांत गिटार. त्यांच्या दाराशी जाऊन मी उभी राहिले तर म्हणाले, "टीचर नाय मी. बसायचं तर बस. विचारायचं नाय." मी बसले. दर रविवारी सकाळी बसायला लागले.

अंकलना एक नाद होता. पोरंसोरं ज्या इंग्लिश रॉक आणि पॉप गाण्यांवर उड्या मारायची, तीच गाणी घ्यायची आणि एकट्या गिटारवर जॅझ करून वाजवायची. जाडसर तारांवर अंगठ्यानं खर्ज चालवायचा, बारीक तारांवर गाण्याची चाल, आणि मधल्या दोन तारांवर रंग भरायचा. आधी गिटार खाली ठेवून चाल गाऊन दाखवायची, मग नुसता खर्ज गाऊन दाखवायचा, हे झाल्याशिवाय ते वाद्याला हात लावू द्यायचे नाहीत. "सूर तोच ठेव, बाय. सुराला धक्का नाय. त्याच्या खालची जमीन बदल," म्हणायचे. तेवढंच काय ते माझं शिक्षण. पण ते एक वाक्य मला असं काही लागलं की मी भाजी आणायला निघाले तरी डोक्यात कुठल्यातरी गाण्याखालची जमीन खणत असायचे. गोखले रोडवर रिक्षावाल्यांच्या शिव्या खाल्ल्यात मी त्यापायी.

आणि मग तुझी आई आली. आंबिवलीहून रोज ठाण्याला कॉलेजला यायचं म्हणजे तिचा अर्धा दिवस जायचा, म्हणून आईनंच बहिणीला सांगितलं, "मेधाला पाठव इकडे. एक पान जास्त वाढलं तर काय होतंय?" आली. दोन वेण्या, कपड्यांची एक पिशवी, आणि सगळ्यांशी गोड. माझ्याहून वर्षानं लहान, मला ताई म्हणायची. मला ती आवडलीसुद्धा, खोटं कशाला बोलू. पहिला आठवडाभर आवडली. मग एका दुपारी मी गिरणीतून दळण घेऊन जिना चढतेय, तर वरून गिटार ऐकू आली. मी पावसाळाभर ज्या तुकड्याशी झटापट करत होते तो तुकडा. सरळ, न अडखळता, जसं कुणी केस विंचरत बसलंय. मी पिठाचा डबा तसाच दारात ठेवला.

"ताई, रागावू नकोस हं. पडलेली होती म्हणून घेतली."

"पडलेली नव्हती. ठेवलेली होती."

"बरं, ठेवलेली," म्हणाली, आणि हसून माझ्या हातात दिली. तारा गरम होत्या, म्हणजे बराच वेळ वाजवत होती. आंबिवलीला शेजाऱ्यांच्या गिटारीला चार-दोनदा हात लावलेला, एवढीच तिची तयारी.

मुक्ते, जळणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. तोंडावर हसू ठेवावं लागतं कारण समोरची वाईट वागत नसते. तीच तर पंचाईत. ती वाईट वागली असती तर भांडून मोकळी झाले असते. ती माझे केस बांधून द्यायची, माझ्या ताटात स्वतःची साय वाढायची, आणि तिच्या बोटांना घट्टेच पडायचे नाहीत. आई कौतुकानं म्हणायची, "बघ, मेधा पण वाजवते, पण हात कसे मऊ राहिलेत." मी ताटातली उसळ चिवडत बसायचे. पुढे ती माझ्याबरोबर रविवारी अंकलकडे यायला लागली. मला त्यांनी कित्येक आठवडे दाराजवळच्या स्टुलावर बसवलेलं. तिला पहिल्याच दिवशी खुर्ची.

त्यातच ते गाणं आलं. माझ्या मैत्रिणीच्या भावाकडे एक इंग्लिश कॅसेट होती. दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवायचे, एकानं गायचं, दुसऱ्यानं भरून घ्यायचं, आणि तोवर घरात कुणी शिंकायचं नाही, अशी आमची पद्धत. भरून घेणारा टेप त्यानं मागून आणलेला, गाणारा त्याचा स्वतःचा, आणि त्याचे सेल उतरलेले होते, पण चालत होता ना, मग झालं. घरी आणून लावलं तर एक जाडाभरडा, थकलेला आवाज. शब्द कळेनात, एक "बेबी" सोडून. गिटारी नुसत्या गुरगुरत होत्या. आई वाल सोलता सोलता थांबली. "अगं, याला गंधारच नाही." मी परत लावलं. खरंच नव्हता. रॉकवाले असं करतात, नुसता षड्ज आणि पंचम धरून गुरगुरतात, मधला गंधार घालतच नाहीत. "मीठ विसरलेली आमटी," आई म्हणाली, "गोड की तिखट, काही कळत नाही."

माझ्या अंगावर काटा आला. कारण गंधार घातल्याशिवाय जॅझ होत नाही. कुणीतरी ठरवायलाच हवं, शुद्ध घालायचा की कोमल, गाणं हसतंय की रडतंय. आणि ते ठरवणारी मी! अंकल नाही, मेधा नाही. मी त्या थकल्या आवाजाकडे कान लावून बसले आणि कोमल घातला. सुट्टीभर गॅलरीत, वाळणाऱ्या चादरींच्या आड बसून केलं ते. ओळ संपते तिथे चाल एकाच सुरावर थांबून राहायची. मी त्या थांबलेल्या सुराखाली मधला सूर अर्ध्या अर्ध्या पायरीनं उतरवत नेला, जसं कुणी जिना उतरताना पुन्हा पुन्हा वर वळून बघतंय. ते पहिल्यांदा जमलं तेव्हा मी गिटार पोटाशी धरून तशीच बसले. आजवर मला त्याहून चांगलं काही सुचलेलं नाही, हे तुला म्हणून सांगते. आतून मेधाचा आवाज आला. ती तांदूळ निवडत होती.

"ताई, तो शेवटचा सूर एवढा नको ना धरूस."

"तू तांदूळ निवड."

तिला शिकवलं नाही, दाखवलं नाही. पण भिंत केवढी होती आमच्यात, वीतभर.

नाताळच्या आधी अंकलच्या ग्रुपचा ठाण्यात एका हॉलमध्ये कार्यक्रम ठरला. त्यांचा दुसरा गिटारवाला बोटीवर नोकरीला लागला आणि जागा रिकामी झाली. अंकल म्हणाले, "दोघी या, एक एक गाणं घेऊन. मला एकच पाहिजे." झालं! मला जेवण जाईना. स्टेजवर बसून, माणसांसमोर, माझं गाणं माझ्या हातानं. त्याआधी मला आयुष्यात काही असं हवंच झालं नव्हतं. बाबा म्हणाले, "दोघी आपल्याच, कुणीही जा." इतका राग आला मला त्यांचा!

रविवारी सकाळी गेलो. अंकलच्या घरात मासळी तळल्याचा वास, कोपऱ्यात ड्रमवाला रॉनी मांडीवर ताल धरायचे ब्रश घासत बसलेला. पहिली मी. डोळे मिटले आणि सुरू केलं. पहिली ओळ झाली, पहिला जिना उतरला, दुसरी ओळ धरली, तेवढ्यात रॉनी फिसकन हसला.

"अंकल! अंकल, हे ते गाणं आहे! अरे, ते मोटारसायकलचं!" आणि मांडीवर धडाधड ताल धरून दुप्पट जोरात गायला लागला. "पोरीला मागे बसवून फिरवतो ना तो, ते! हिनं त्याला मयताला नेलं!"

सगळे हसले. अंकलसुद्धा, पोट धरून. मी थांबले. रॉनीनं धावत घरी जाऊन खरी कॅसेट आणली, अंकलच्या चांगल्या टेपवर लावली. एक तरणाताठा पोरगा किंचाळत होता, लखलखीत, धावत सुटलेला. त्याला दुःख कशाचंच नव्हतं. मैत्रिणीच्या भावाचे सेल उतरलेले, आमच्या टेपचा पट्टा सैल पडलेला, दोन्हींनी मिळून त्या पोराला म्हातारा करून टाकलेलं. आमच्या बुवांनाही तीच सर्दी झालेली! आता मी हे सांगताना हसते. तेव्हा माझे कान इतके तापले होते की त्यावर पापड भाजला असता.

"परत वाजव," अंकल म्हणाले. "पहिलं केलं तसंच."

पण माझी बोटं लाकडाची झाली होती. घाईनं फास्ट वाजवायला गेले, तर जिना कोसळला. पुन्हा घेतलं, पुन्हा कोसळला. अंकलनी माझ्या हातातून गिटार काढून घेतली, अगदी हळू, आणि मेधाकडे दिली. "तुझं गाणं राहू दे. हिचं वाजव. येतं ना? हळू वाजव."

तिला आलं. सगळं आलं. माझा कोमल गंधार, माझा खर्ज, माझा एक एक उतरता सूर. फक्त शेवटचा सूर तिनं मी धरायचे तेवढा धरला नाही, लवकर सोडला. रॉनीचे ब्रश थांबले होते. कुणी हसलं नाही. अंकलनी खिडकीबाहेर बघत सांगितलं, "गाणं हेच. वाजवणार ही."

परतताना तलावपाळीवरून चालत आलो. मी पुढे, ती मागे. तिच्या चपला माझ्या मागे फटफट वाजत होत्या आणि मला वाटत होतं, हिनं निदान आता तरी माझ्याबरोबरीनं चालू नये.

"रॉनी हसला तेव्हा तुला नवल वाटलं नाही," मी न वळता म्हटलं. "तुला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"मागच्या महिन्यात घरी गेलेले ना, तेव्हा आमच्या शेजारी लागलं होतं. फास्ट."

"आणि मला सांगितलं नाहीस! सगळ्यांसमोर हसं होऊ दिलंस माझं!"

"सांगितलं असतं तर तू फास्ट केलं असतंस, ताई."

"मग? तसंच आहे ते!"

"मला तसं नको होतं." ती थांबली म्हणून मलाही वळावं लागलं. रडत होती गं. "मला तुझंच हवं होतं. मला असं काही सुचत नाही. मला नुसतं वाजवता येतं, कुणीही वाजवलेलं. तू त्या चादरींच्या मागे बसून करायचीस ना, मी आत तांदळाचं सूप आपटायचे, इतका राग यायचा मला तुझा. अंकल बघतात ती बोटं. त्यांना काय माहीत ते कुठून आलं!"

तुला वाटेल, मग आम्ही गळ्यात गळे घालून रडलो असू. छे! मला तिचा एक शब्द खरा वाटला नाही. जिला सगळं येतं, तिनं माझ्याकडे बघून मला काही येत नाही म्हणायचं, म्हणजे माझ्या जळण्यातसुद्धा भागीदारी मागायला आली ही. मी म्हटलं, "चल, आई जेवायला थांबली असेल." एवढंच बोलणं झालं.

कार्यक्रमाला आई नवी साडी नेसून आली, बाबा आले, आम्ही तिसऱ्या रांगेत. अंकलनी माईकवर माझं नाव घेतलं, घेतलं हं, मी ऐकलं, पण ते आदल्या गाण्याच्या टाळ्यांत बुडालं. दिवा मेधावर पडला. तिनं सुरू केलं आणि पहिला जिना उतरताच आई मोठ्यानं म्हणाली, "अगं, हे तर आपल्या गॅलरीतलं!" पुढच्या दोघी वळल्या. एकीनं विचारलं, "तुमची मुलगी का ती?" आईनं माझ्याकडे बघितलं, स्टेजकडे बघितलं. म्हणाली, "ती भाची. वाजवते ती भाची, केलंय ते हिनं." त्या बाई माझ्याकडे बघून हसल्या आणि पुन्हा स्टेजकडे वळल्या. सगळेच तिकडे बघत होते, मीसुद्धा. माझं गाणं माझ्यासमोर चाललं होतं आणि त्याला माझी गरज नव्हती. टाळ्या मीही वाजवल्या, पण नुसत्या बोटांच्या टोकांनी. घट्ट्यांच्या टाळ्या वाजत नाहीत.

पुढचं तुला ठाऊक आहे. लग्न होऊन मी डोंबिवलीला आले, घरीच क्लास काढला. नव्वदच्या पुढे पोरं नव्या नव्या पॉप गाण्यांच्या कॅसेटी घेऊन यायची आणि म्हणायची, "मॅडम, हे जॅझ करून द्या ना." मी दिली, आनंदानं दिली. अंकलही थकेपर्यंत माझ्याकडून गाणी करून न्यायचे. पण तुझी आई? लग्न ठरलं, नाशिकला गेली, आणि गिटार सोडली. भांडून नाही, रडून नाही, कुणी नको म्हटलं म्हणूनही नाही. विचारलं तर म्हणाली, "राहून गेलं गं." राहून गेलं! मला विचारशील तर हॉलमधल्यापेक्षा मी जास्त जळले ती तेव्हा. ज्याच्यासाठी मी माझी बोटं सोलून घेतली असती, ते तिला फुकट मिळालं, आणि तिनं सहज उचललं तसं सहज खाली ठेवलं. अजून जळते. आता या वयात गुडघे दुखतात तसं हेही दुखतं, पाऊस आला की जरा जास्त.

आणि म्हणून मी ते वाजवत नाही, मुक्ते. गिटार घेऊन बसते, पहिली ओळ धरते, आणि माझ्या बोटांतून मला तिची बोटं ऐकू यायला लागतात. की लगेच दुसरं काहीतरी वाजवते. कुणासमोर ते मी शेवटपर्यंत नेलेलंच नाही. एकदा निघाले होते, तर दुसऱ्या ओळीला सगळे हसले. परवा तुझं ऐकलं. तुझा गंधार चुकतोय, तू शुद्ध लावलायस. तुझ्या आईनं मधला जिना गुणगुणताना कोमलच घेतला असेल, तुझा कान घसरला. पण तुझी आई ते अजून गुणगुणते, उसळ ढवळताना गुणगुणते, हे मला कुणी आजवर सांगितलं नव्हतं. तलावपाळीवर ती बोलली ते खरं असावं, असं मला तू लिहिलेलं वाचता वाचता पहिल्यांदा वाटलं. नुसतं वाटलं हं, तिला सांगू नकोस.

तेव्हा असं कर. रजा टाक आणि ये, पण एकटी येऊ नकोस, नाशिकला उतर आणि आईला घेऊन ये. ती गुडघ्यांचं सांगेल, लोणच्याचं सांगेल, ऐकायचं नाही. इथे आलात की तिला माझ्यासमोर खुर्चीत बसवायचं. तुम्ही दोघींनी मध्ये काही बोलायचं नाही, आणि मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवीन. लवकर या गं. हात आता थरथरायला लागलेत.